ताकाचं मशीन

ड्रिलचं टोक फ्रीझरच्या दारावर टेकवून भीमराज बराच वेळ नुसता उभा होता. बटण दाबायला बोट धजत नव्हतं.

"काय झालं? भोक चुकेल असं वाटतंय का?" हर्षल साहेबांनी विचारलं. दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर ते बसले होते आणि मांडीवर पितळेचा एक नळ तान्ह्या पोरासारखा धरून होते.

"चुकायचं न्हाई साहेब. दारात गॅसची नळी नसती. भिंतीत असती, आन या आतल्या फळ्या तर नळ्यांच्याच केलेल्या हायेत. दार तेवढं मोकळं असतं."

"मग दाबा की."

भीमराजनं दाबलं. पत्र्याचा चुरा त्याच्या चपलेवर पडला आणि दारावर रंगवलेल्या आइस्क्रीमच्या कोनाला बरोबर मधोमध भोक पडलं. शिर्डीतल्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून साहेबांनी हा फ्रीझर उचलला होता. आडवा पेटीसारखा नव्हे, उभा, माणसाहून उंच. त्यात आता आइस्क्रीम राहणार नव्हतं. बिअर राहणार होती.

साहेब सुप्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीनं त्यांना जर्मनीला धाडलं, तिथून येताना ते हा नळ घेऊन आले आणि घरी बिअर करायचा नादही. नगरच्या सावेडीतल्या त्यांच्या बंगल्याच्या मागच्या न्हाणीघरात जव भिजायचे, शिजायचे, आंबायचे, आणि तयार झालेला माल स्टीलच्या पिंपात जायचा. ते पिंप फ्रीझरमध्ये ठेवायचं, सोडावाल्याकडचं गॅसचं सिलिंडर मागून जोडायचं, आणि पुढे नळ फिरवला की गार बिअर ग्लासात. शनिवारी पुण्याहून साहेबांचे वरचे साहेब जेवायला येणार होते. परवान्याबिरवान्याचा विषय साहेबांनी काढला नाही आणि भीमराजला विचारायचा धीर झाला नाही.

"सम्राटचं मी बघतो," उठता उठता साहेब म्हणाले. "तुम्ही शनिवारी एवढं नीट चालू द्या."

सम्राट म्हणजे भीमराजचा मुलगा. आयटीआय झालेला, साहेबांच्याच कारखान्यात टेम्पररी. थोडे महिने काम केलं की ब्रेक, मग घरी बसायचं, मग पुन्हा बोलावणं येण्याची वाट बघायची. मुलगी बघायला गेलं की मुलीकडचे पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारायचे, पर्मनंट हाय का? साहेबांनी ती दोन वाक्यं एकाला एक बांधली नव्हती. भला माणूस होता तो. ती बांधली भीमराजनं, आणि त्या गाठीनं त्याची झोप उडवली.

भीती गॅसची नव्हती. भीती दुकानाच्या पाटीची होती.

निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जयमाला रेफ्रिजरेशन'. जयमाला त्याची बायको. तिचा बाप हातभट्टीनं गेला होता, आणि नुसता पिऊन नव्हे, करून आणि पिऊन. घरामागच्या उकिरड्यात गूळ-नवसागराचं मडकं पुरलेलं असायचं आणि पोलीस आले की बाप लहानग्या जयमालाला त्याच्यावर बसवायचा. बाप रक्त ओकत मेला तेव्हा ती शाळेत होती. दुकान काढलं त्या दिवशी पाटीवर नाव घालायला ती लाजली, नको म्हणाली, आणि शेवटी एका बोलीवर तयार झाली. "माझ्या नावाखाली दारूच्या कामाला हात लावायचा न्हाई."

भीमराजनं शब्द दिला आणि इतकी वर्षं पाळला. परमिट रूमवाले फ्रीज घेऊन दारात यायचे आणि हा त्यांना समोरच्या मिस्त्रीचं दुकान दाखवायचा. समोरच्या मिस्त्रीनं त्या कमाईवर माडी चढवली. भीमराजला त्याचं कधी वाईट वाटलं नाही असं नाही, पण पाटीकडे बघून तो गप्प बसायचा.

साहेबांची गाडी वळते न वळते तोच जयमाला जेवणाचा डबा घेऊन आली. रोजच्यासारखी स्टुलावर बसली, आणि तिची नजर दारातून बाहेर आलेल्या नळावर गेली.

"ह्ये काय? फ्रीझरला तोटी?"

भीमराजनं डबा उघडला. "ताकाचं मशीन हाय," तो म्हणाला. आपण असं म्हणणार आहोत हे त्यालाही आधी माहीत नव्हतं. "साहेबांकडं पाव्हने येनार हायेत. उन्हाळ्याचं गार ताक. तोटी फिरवली का गिलासात."

"मोठ्या लोकांचं काय बी असतं बाई," ती हसली. उठून तिनं नळ फिरवून पाहिला, दोनदा, तीनदा. "पन झ्याक केलंय तुमी. कुनाला सुचलं नसतं."

ती खूश झाली की सांगत सुटायची. दिवस मावळायच्या आत विहाराच्या महिला मंडळाच्या छबूबाई दुकानात हजर झाल्या.

"भीमराजभाऊ, जय भीम. तुमी ताकाचं मशीन केलंय म्हनं. बुधवारी बुद्धपौर्णिमा हाय. मिरवनूक उन्हातून येती, लोक पार वाळून जात्यात. एक दिवस आमच्या विहारात लावा की."

"ते साहेबांचं हाय, छबूताई."

"मग साहेबांना इचारा. ताकानं मशीन काय उष्टं होतंय व्हय?"

नाही म्हणायला कारण सापडेना. कारण शोधावं तर ते एकच होतं, आणि ते सांगता येत नव्हतं.

साहेबांना विचारलं तर ते मोकळेपणानं हसले. "अहो खुशाल न्या. उलट नळाची चांगली परीक्षा होईल." त्यांच्या लेखी तो नळच होता.

पुढचे दिवस त्यानं फळ्यांशी झुंजण्यात काढले. पिंप आत मावायचं तर मधल्या फळ्या काढायला हव्यात, आणि त्या तर गॅसच्या नळ्यांच्या. कापल्या की फ्रीझर भंगारात. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं नळीभोवती गुंडाळायचं, दोन्ही हातांनी धरायचं आणि श्वास रोखून जरा जरा खाली वाकवायचं. कुठं बारीक तडा गेला की फुस्स आवाज आणि सगळा खेळ खलास. त्याला सारखं वाटायचं की आपण नळी नाही, दुसरंच काही वाकवतोय आणि ते आता मोडणार. नळी मोडली नाही. फ्रीझरची थंडी कमी करणारं बटणही त्यानं बाहेरून बसवलं, नाहीतर बिअरचा बर्फ झाला असता.

मंगळवारी साहेब भरलेलं पिंप घेऊन आले. भीमराजनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. नळ फिरवला, आधी फेस आला, मग सोन्याच्या रंगाची धार. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"भीमराज, तुम्ही जादू केलीत. घ्या थोडी."

"न्हाई साहेब. आमी पंचशील पाळतो."

"बरं बरं. सम्राटचा कागद सोमवारी होऊन जाईल."

साहेब पिंप घेऊन गेले आणि भीमराज नळी धुवायला बसला. पाण्यानं धुतली, साबणानं धुतली, लिंबू पिळून धुतली. पण वास गेला की नाही हे त्याला कळणार कसं? गॅस आणि नळ्यांना डाग द्यायच्या धुरात इतकी वर्षं काढून त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. घरात भाजी करपली तरी सांगायला जयमाला लागायची. या कामाला तिला विचारणं शक्य नव्हतं. शेवटी तो नळी घेऊन शेजारच्या पानाच्या टपरीवर गेला.

"सहादेव, जरा हुंगून बघ. कसला वास येतोय?"

सहादेवनं नळी नाकाला लावली. "तंबाखूचा."

"तुला सगळ्यालाच तंबाखूचा येतो."

"मग मला कशाला इचारतो?"

भीमराजनं नळी आणखी एकदा धुतली. नवी नळी आणावी हे त्याला सुचलंही होतं, पण तसली जाड नळी नगरात मिळेना. नळ तर जर्मनीचाच, त्याला दुसरा जोड कुठला? नळाच्या पोटात एक रबराची चकती होती. ती काही त्यानं धुवायला काढली नाही, कारण फाटली असती तर शनिवार बुडाला असता.

बुधवारी सकाळी टेम्पोतून फ्रीझर विहारात आला. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या. सगळ्यांनी हात जोडून त्रिसरण-पंचशील घेतलं. पाचवं शील आलं, दारूपासून दूर राहण्याचं, तेव्हा भीमराजचे ओठ हलले पण आवाज निघाला नाही. पुढच्या रांगेत जयमाला खणखणीत म्हणत होती. दरवर्षी ती तेवढंच शील जरा जोरात म्हणायची.

मिरवणूक आली तेव्हा ऊन रणरणत होतं. फ्रीझरमध्ये वरच्या फळीवर ताकाचं मोठं पातेलं होतं आणि त्यातून नळी खाली नळाला आणली होती. लोकांनी गराडा घातला. जयमाला नळाशी उभी राहिली, मान तिचाच होता. पहिला ग्लास भंतेजींना द्यायचा होता. तिनं नळ फिरवला. पांढरी धार आली आणि लोकांनी कौतुकानं माना हलवल्या.

भीमराज खांबाशी उभा होता. तिनं ग्लास उचलला. पदरानं त्याचा तळ पुसला. ग्लास तोंडासमोरून भंतेजींकडे नेता नेता तिचा हात थांबला.

त्याला वास येत नव्हता, पण तिला आलेला त्याला दिसला. ती काही ग्लासाकडे बघत नव्हती. उकिरड्यावर बसवलेली पोर पोलिसांकडे बघत असेल तसं ती समोर कुठंतरी बघत होती. मग तिनं मान वळवून भीमराजला शोधलं. त्यानं खाली बघितलं. एवढं तिला पुरलं.

भंतेजींचा हात पुढे आलेला होता.

जयमालानं एकदम हात झटकला. ग्लास फरशीवर पडून ताक सांडलं. "कुनी हात लावू नका," ती मोठ्यानं म्हणाली. "तोटीला करंट येतोय."

बायका मागे सरल्या. कुणीतरी धावत जाऊन पिन काढली.

"काय भीमराजभाऊ," छबूबाई म्हणाल्या, "घरच्या बाईलाच शॉक दिला व्हय?"

सगळे हसले. भीमराजही हसला, कारण दुसरं काय करणार. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या कामाचा शॉक बसल्याचं कुणी म्हटलं नव्हतं. जयमालानं फ्रीझर उघडला, पातेल्यातली नळी ओढून काढली, पातेलं बाहेर घेतलं आणि ओगराळ्यानं ताक वाढायला लागली. शेवटच्या माणसापर्यंत तिनं वाढलं. स्वतः घेतलं नाही.

घरी जाताना ती पुढं आणि हा मागं चालत होता. वळणावर ती थांबली.

"बिअर का?"

"व्हय."

"सम्राटसाठी?"

"व्हय. तो कायमचा होईल म्हनून. मी प्यालो न्हाई जयमाला, थेंब न्हाई."

"मला ठावं हाय." ती चालायला लागली. पुढं गेल्यावर म्हणाली, "तुमचं पाचवं तुमी बघा. माझं चौथं आज मोडलं. सकाळी हात जोडून म्हनले खोटं बोलनार न्हाई, आन दुपारी भंतेजींच्या तोंडावर बोलले. कधी बोलले न्हवते. बापासाठी सुद्धा न्हाई, तवा नुसती गप बसायचे."

भीमराज झपाझप चालून तिच्या बरोबरीला आला. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "साहेबांना न्हाई म्हनून सांगतो. अजून शनिवार हाय."

"सांगू नका. पोराची नोकरी होऊ द्या. त्याला यातलं काय बी कळता कामा नये." पायातली चप्पल तिनं नीट केली. "पाटीवरलं माझं नाव तेवढं काढा."

शनिवारी साहेबांच्या बंगल्यावर नळ झकास चालला. सोमवारी सम्राटला कागद मिळाला. त्यानं पेढे आणले, पहिला आईच्या तोंडात घातला. तिनं खाल्ला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिला खरोखरच आनंद झाला होता.

मंगळवारी सकाळी भीमराजनं दुकान उघडायच्या आधी स्टूल पाटीखाली ठेवलं. पत्र्याचा तुकडा घेऊन तो एकेक अक्षर खरवडू लागला. रंग जुना, पापुद्रे सुटून खाली पडत होते. समोरचा मिस्त्री रस्त्यापलीकडून ओरडून म्हणाला, "नवं नाव देतो का काय?" भीमराज खरवडत राहिला. दुपारपर्यंत पाटीवर नुसतं 'रेफ्रिजरेशन' राहिलं. तो खाली उतरला आणि वर बघितलं.

इतक्या वर्षांच्या उन्हानं पाटीचा निळा रंग विटला होता. अक्षरांच्या खाली मात्र ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथं तो पहिल्या दिवशीसारखा गडद होता, आणि त्या गडद निळ्यात 'जयमाला' आधीपेक्षा सुबक दिसत होतं.

जेवणाच्या वेळेला ती डबा घेऊन आली. आत आली नाही. रस्त्यावर उभी राहून डोक्यावरचा पदर सावरत तिनं पाटीकडे पाहिलं.

"अजून वाचता येतंय," ती म्हणाली.

भीमराजनं पत्र्याचा तुकडा उचलला आणि तो पुन्हा स्टुलावर चढला.