आठवा दाणा

ओडीलने राजम्याचा एक लाल दाणा गुपचूप खिशात टाकला आणि उरलेले बशीत ओतले. शेजारच्या बशीत पांढरे दाणे होते. लाल म्हणजे सभागृह राखायचं, पांढरा म्हणजे विकायचं. न्यू ऑर्लीन्समधल्या या मंडळाचं मतदान शंभर वर्षं असंच होत आलं होतं.

रविवारची दुपार. चर्चमधून मंडळी थेट इकडेच आली होती. ओडील धरून सगळी सात, आणि त्यांतल्या चौघांनी विकायचं म्हणून बोलूनही दाखवलं होतं. छप्पर गळतंय, पोरं ह्यूस्टनला गेली, जपायचं कुणासाठी? ओडीलचा नवरा अल्सीड इथेच ड्रम शिकला, इथेच तिला पहिल्यांदा नाचायला घेऊन आला, आणि मार्चमध्ये त्याची शवपेटीही इथूनच निघाली, बँडच्या तालावर. घर तिला खायला उठे. तो भेटायचा तो इथे. ही जागा गेली की त्याला पुन्हा एकदा पुरावं लागणार होतं.

अध्यक्ष क्लोटेअरने हजेरी घेतली. गेलेल्या सभासदाचं नाव वर्षभर पुकारायचं आणि त्याच्या खुर्चीवर त्याची हॅट ठेवायची, ही इथली रीत.

"अल्सीड."

"आहे," सगळे म्हणाले.

"असता तर एव्हाना माझ्या कॉफीला नावं ठेवून झाली असती त्याची," म्हातारी एर्मिन म्हणाली.

"तुझी कॉफी आहेच तशी," क्लोटेअर म्हणाला. "चला, आटपा. वहिनी, आधी तुम्ही."

ओडीलने मतपेटीच्या भोकात मूठ घातली, आपला दाणा सोडला. दुसरा हात खिशात गेला. दाणा चिमटीत आलाही. समोर हॅट होती. पत्त्यांत कुणी लबाडी केली तर अल्सीड महिनाभर त्याच्याशी बोलत नसे. तिने हात रिकामाच बाहेर काढला आणि जागेवर येऊन बसली. डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. तिच्यामागून एकेक जण मूठ मिटून पेटीपाशी जाऊन आला.

क्लोटेअरने पेटी उपडी केली आणि बोटाने दाणे वेगळे केले. पांढरे चार. लाल चार.

"समसमान," तो सावकाश म्हणाला. "नियमाप्रमाणे विक्री बारगळली."

"अरे, पण आपण तर सातच..." कुणीतरी मागून म्हणालं.

"नावं आठ पुकारली, दाणे आठ निघाले. चुकलं काय त्यात? लिहा, वहिनी."

सगळ्यांची नजर ओडीलवर होती. तिने सभेची वही ओढली आणि निकाल लिहिला.

एर्मिन तिच्या कानाशी वाकली. "बरं केलंस गं. मीही हेच केलं असतं."

ओडीलने खिशात हात घातला आणि टेबलाखाली मूठ उघडली. लाल दाणा तळहातावर तसाच होता.

एर्मिनने दाण्याकडे पाहिलं, मग अल्सीडच्या खुर्चीकडे. तिने दोघींसाठी कॉफी ओतली, आणि जरा थांबून तिसरा कप हॅटजवळ नेऊन ठेवला.