एवढी एक पॅन्ट होऊ दे

"पाय उचला," मी पुन्हा म्हणाले.

खुर्चीत बसून उरलेला पाय समोर सरळ करायचा, जरा धरायचा, खाली सोडायचा. डॉक्टरीणबाईंनी आता एवढाच व्यायाम सांगितलाय. हा पायही बधिर होत चाललाय, तो टिकायचा तर हलता हवा. आमच्या ह्यांचं लक्ष खिडकीकडे. तिथे बघण्यासारखं काही नाही, शेजारच्यांची भिंत आहे.

हे शिंपी. उभा जन्म मशीनवर गेला. साखर निघाली तेव्हाच बाईंनी बजावलं होतं, रोज चाला, चांगलं भरभर चाला. ह्यांनी हसून सांगितलं, माझे पाय सकाळपासून पायडलवर चालतातच की, बसल्या जागी गाव पालथं घालतो मी. तिथे नुसता घोटा हलतो, तेवढ्यानं भागत नाही, असं बाईंनी परोपरीनं समजावलं. पण ऐकतंय कोण? मी चपला घालून दारात उभी आणि हे म्हणणार, एवढी एक पॅन्ट होऊ दे. ती मेली पॅन्ट कधी झालीच नाही. मी भांडायचे, अबोला धरायचे, शेवटी एकटीच चालून यायचे.

मग तुटकी सुई पायाच्या अंगठ्यात घुसली आणि ह्यांना पत्ताच नाही. मोजा ओला कसा म्हणून मीच पाहिलं, तोवर बोट काळं पडलं होतं. गुडघ्याखालचा पाय गेला. चालले असते तर वाचलाच असता, असं बाई छातीठोक सांगत नाहीत. मला मात्र तसंच वाटतं आणि जीव जळतो.

"कात्री दे," हे अचानक म्हणाले.

मला केवढं बरं वाटलं! दवाखान्यातून आल्यापासून कात्रीला हात लावला नव्हता. ह्यांच्याच पॅन्टचा लोंबणारा पाय आखूड करायचा होता. पॅन्ट टेबलावर पसरून त्यांनी दोन्ही पाय एकावर एक जुळवले, हातानं सुरकुत्या काढल्या, खडूनं रेघ मारली. शिंपी दोन्ही पाय एकदमच कापतो, म्हणजे कमीजास्त होत नाही.

"अहो, एकच कापायचाय."

कात्री थांबली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राहू दे गं. पुन्हा तेच काम कशाला काढायचं?"

मी पॅन्टचा खालचा पाय ओढून बाजूला घेतला आणि कात्री फिरून होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.