सरावाचा सर्व्हर

महिनाभर कचेरीतून एकही बोंब आली नाही, तेव्हाच खरं तर त्याच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण माणूस इतका दमलेला, की शांतता मिळतेय तर मिळू दे म्हणाला.

पेन्शन कचेरीतले झाडून सगळे संगणक त्याच्या गळ्यात. हुद्दा लांबलचक, हाताखाली कुणी नाही. प्रिंटर रुसला तरी त्यालाच हाक, साहेब पासवर्ड विसरले तरी त्यालाच. सर्व्हर दोन होते. एक खरा, ज्यावरून म्हाताऱ्यांची पेन्शन सुटायची. दुसरा त्याची हुबेहूब नक्कल, नव्या कारकुनांना हात बसवायला. आता सरकारी अक्कल बघा. प्रशिक्षणाच्या खात्यात पैसे उरले म्हणून सरावाला कोरं करकरीत यंत्र आलं, आणि खरा सर्व्हर बिचारा धापा टाकत राहिला. नव्यासाठी मागण्या लिहून लिहून याची बोटं झिजली. वरून उत्तर एकच: विचाराधीन.

पण आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता. बायकोची नोकरी दुसऱ्या शहरात, लग्नानंतरची बहुतेक वर्षं दोन घरांत गेलेली. पुष्कळ खेटे घातल्यावर एकदाची तिच्या गावची बदली पदरात पडली होती. संध्याकाळची गाडी. जाण्याआधी फक्त सरावाचा सर्व्हर पुसायचा, नव्या तुकडीसाठी.

पुसण्याआधी त्याने सवयीने आत नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. शिकाऊ कारकून अर्जदार म्हणून सासूचं नाहीतर साहेबांचं नाव भरतात, वय दोनशे लिहितात. इथे तसलं काहीच नव्हतं. खरी माणसं होती, खऱ्या पत्त्यांवरची.

तो थेट पहिल्या खिडकीवरच्या ताईंकडे गेला. ताईंनी आधी आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. खरा सर्व्हर एकेका अर्जाला तासतास खातो, रांगेतली म्हातारी माणसं भिंतीला टेकून खाली बसतात. म्हटलं सरावावर पटापट भरू, सवडीने खऱ्यावर उतरवू. सवड कुठली मिळायला! आपण एकट्याच असं करतोय असं वाटून त्या गप्प होत्या. शेजारच्या खिडकीवाल्याचंही तेच निघालं, पलीकडच्याचंही तेच. जो तो आपापली चोरी लपवत होता, आणि अख्खी कचेरी महिनाभर सरावात रमली होती. खऱ्या सर्व्हरकडे काळं कुत्रं फिरकलं नव्हतं.

साहेबांनी ऐकून कपाळाला हात लावला आणि लगेच अंग काढून घेतलं. सरावातलं खरं धरता येत नाही, ठरल्याप्रमाणे पुसा, लोक पुन्हा अर्ज भरतील. त्यातल्या निम्म्यांना खिडकीपर्यंत यायला काठी लागते आणि धरून आणणारं कुणीतरी, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. याचं डोकंच फिरलं. तो म्हणाला, मग सरावाचाच सर्व्हर खरा म्हणून जाहीर करू, जुनं धूड देऊ शिकाऊंना. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यासाठी प्रत्येक अर्ज तपासून खाली सही करणारा जबाबदार माणूस लागेल, म्हणाले.

"तुम्ही करणार असाल तर माझी ना नाही. पण मग तुम्हाला सोडता येणार नाही. ही बदली गेली असंच समजा."

तो जागेवर येऊन बसला. पुसायला एक बटण पुरे होतं. कुणी जाब विचारला नसता. खिडकीवाल्यांनी तर सुटलो म्हणून हुश्श केलं असतं. त्याला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पडद्यावर एका आजींचा अर्ज उघडा होता. सांभाळणारं कोण, या रकान्यात ताईंनी भरलं होतं: कुणी नाही. तो रकाना त्याने पुन्हा वाचला. मग उठला आणि साहेबांपुढे जाऊन सही करून आला.

बायकोला फोन लावून त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने सकाळीच त्याच्यासाठी अर्धं कपाट रिकामं केलं होतं, असं ती म्हणाली.

"तुमचं बरोबरच असेल हो. नेहमीच असतं. पण एकदा तरी माझ्यासाठी चुकीचं वागायचं होतं तुम्ही."

तिने फोन ठेवला, आणि तो पहिला अर्ज तपासायला बसला.