पान्यांचा निवद

दोन हजार तीन सालची गोष्ट. सत्यशीलाचा बारावीचा पेपर सेनगावला, सकाळी अकराला. मागच्या साली बाळंतपणात परीक्षा बुडाली होती. यंदाही हुकली तर सासरचे तिसऱ्यांदा फॉर्म भरू देणार नव्हते. अन् नेमक्या त्याच दिवशी सासरच्या गावातल्या, हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या, झाडून साऱ्या जीपा लग्नाच्या वऱ्हाडात गेलेल्या.

राहिली नवऱ्याची मोटारसायकल. शिवहार दसरा करून पुण्याला कामाला गेला, तेव्हापासून ती शेळ्यांच्या गोठ्यात पोत्याखाली उभी. ती चालू करायची म्हणजे दीर परमेश्वरच्या मिनत्या करायच्या. हिंगोलीत एका गॅरेजपुढं दोन महिने बसून हा गडी बिड्या ओढायला तेवढा शिकला होता, पण मिस्तरी म्हणवून घ्यायला त्याला तेवढं पुरे होतं.

त्यानं किका मारल्या. हॉर्न दाबला. सामसूम.

"ब्याटरी मेली," डॉक्टरनं नाडी बघून सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"भावजी, मागच्या पावसाळ्यात हे बिनब्याटरीचीच फिरवत होते की. किक मारून चालू व्हायला ब्याटरी काहून लागंल?"

"वैनी, तुमी कलेक्टर झाल्यावर मला शिकवा."

ट्रॅक्टरची ब्याटरी आणून त्यानं वायरी जोडल्या. हॉर्न असा केकाटला की शेळ्या दावी ओढू लागल्या. झोक्यातलं लेकरू आधी दचकलं, मग दोन दात दाखवत खिदळलं. सत्यशीलानं त्याची लाळ पदरानं टिपली. गाडी मात्र ढिम्म.

"मंग विंजन बसलं आसंल," परमेश्वर म्हणाला.

जे ह्याला दिसत नाही ते मेलेलं, सत्यशीला मनात म्हणाली. बरं झालं, डॉक्टर नाही झाला.

"प्लग काढून ठिणगी तरी बघा."

"पाना कुठाय?"

मिस्तऱ्याला पाना वहिनीनं द्यायचा. तिनं बाजूचं झाकण काढलं. आत कुंकू लावलेले पाने, उंदराच्या लेंड्या, चिंध्यांचं घरटं, अन् शेजारून गेलेली वायर कुरतडून दोन तुकडे झालेली.

सासू पंचफुलाबाई दारातून वाकून बघत होती. "खंडेनवमीला मीच ठिवलं व्हतं गुळखोबरं. हत्यारांला निवद नगं?"

"आये, उंदरं जेवू घातलीस तू," परमेश्वर हसला.

"अन् तू रं? सकाळधरनं लाथा घालून राहिला, झाकण काढता आलं न्हाई?"

सत्यशीलानं वायरीची टोकं ब्लेडनं खरवडून पिळली, वरून प्लास्टिकची पिशवी फाडून गुंडाळली. पुढच्या किकेला गाडी फुर्रकन चालू झाली.

"पाह्यलं? ब्याटरी लावली म्हून," परमेश्वर म्हणाला. मग त्यानं ब्याटरी सोडून ट्रॅक्टरकडं नेली. गाडी मागं चालूच होती. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सत्यशीलानं कोपऱ्यात बसून लेकराला घाईघाईनं पाजलं. त्याच्या टाळूवर ओठ टेकले.

"आण इकडं," सासू म्हणाली. "मी बघते त्याला. जा तू."

सेनगावपर्यंत परमेश्वर ब्याटरीचं महत्त्व सांगत राहिला. मागं सत्यशीला राज्यशास्त्राची उत्तरं घोकत होती. त्याचं काही डोक्यात शिरून पाठ केलेलं एखादं उत्तर बाहेर पडू नये, म्हणून तिनं पदर कानावरून घट्ट ओढून घेतला होता.