सड्यावर लागलेला कापूर

मित्रांनो, आधी एक सांगतो. मला बघून चुन्याची डबी समजू नका. पुष्कळांचं समजून झालंय. एकानं तर झाकण उघडून आत बोटही घातलं. अरे बाबा, मी स्टोव आहे! पितळेचा, मुठीत मावणारा, स्पिरिटवर जळणारा जुना स्टोव. कडेनं बारीक भोकं, खाली घडी होणारे तीन पाय. त्यातला एक हल्ली लंगडतो, पण ते वयाचं.

माझा जन्म विलायतेतला म्हणतात. मला काही आठवत नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? आठवते ती आगबोट. तिच्यावरचा एक गोरा साहेब माझ्यावर दाढीचं पाणी तापवायचा. तो बोट सोडून निघाला तेव्हा त्यानं मला भिकाजीच्या हातावर ठेवलं. भिकाजी रत्नागिरीचा, मांडवीचा खलाशी. त्यानं मला सदऱ्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. दाढीच्या पाण्यातून सुटलो, हा त्याचा माझ्यावर पहिला उपकार.

रजेवर आला की भिकाजी पायी फार हिंडायचा. आज बहिणीचं गाव, उद्या मामाचं. तेव्हा गावोगाव मोटारी कुठल्या? पाठीवर बोचकं, बोचक्यात मी, एक टोप, चहा, गूळ आणि स्पिरिटची बाटली. ओढ्याकाठी बसायचं, मला दोन घोट पाजायचे, काडी लावायची. लाकडं वेचायला नकोत की फुंकून डोळे लाल करायला नकोत.

माझी ज्योत निळी, उन्हात दिसतच नाही. एकदा भर दुपारी भिकाजीला वाटलं मी विझलो, म्हणून त्यानं वरून बाटली तिरकी केली. भप्पकन जाळ उठला आणि अर्धी मिशी घेऊन गेला! मिशी परत येईपर्यंत त्याची बायको मथुरा त्याला जेवण वाढताना तोंडाला पदर लावायची. म्हणून सांगतो, जळत्या स्टोवात वरून स्पिरिट कधी ओतू नका.

घरात मी सगळ्यांचा लाडका, एका गोदूबाईचा सोडून. गोदूबाई म्हणजे भिकाजीची आई. गळ्यात तुळशीची माळ आणि जिभेला धार.

"भिकू, हा मेला दारू पितो नि जळतो. याच्यावरचं पाणीसुद्धा मला नको."

"आये, दारू नाय गो ती. स्पिरिट."

"मग वास कसला मारतो? धुपाचा?"

भिकाजी मला उचलून मागच्या पडवीत घेऊन गेला.

मथुरेची पहिली दोन मुलं जगली नाहीत. तिसरा मुलगा जगला, त्यानं बाळसं धरलं. गोदूबाईनं आपल्या माहेरच्या देवीला नवस बोलला होता, 'नातू तगला तर ताटभर कापराची आरती करीन.' भिकाजीनं मुंबईहून कापराच्या वड्यांचा डबा भरून आणला. म्हातारी तो डबा कुणाच्या हाती देईना, रात्री उशाला घेऊन निजायची.

दसरा झाला. पाऊस गेला, असं सगळे म्हणाले. मग ही मंडळी देवीच्या गावाला निघाली. गोदूबाई, भिकाजी, पोराला घेतलेली मथुरा आणि ओझं वाहायला मिरजोळ्याचा बाबल्या. मथुरा नुकतीच हिवतापातून उठलेली, पण नवस कसा लांबवायचा? हातखंब्यापर्यंत बैलगाडी, पुढं पायवाट.

चढणीच्या तोंडाशी राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, दगड होता. तान्हं पोर घेऊन सडा ओलांडायचा तर राखणदाराला नारळ द्यायचा आणि थोडी दारूही शिंपडायची, अशी तिथली रीत. गोदूबाईनं नारळ फोडला, हात जोडले आणि चालू लागली. माळकरीण ती, दारू कुठून आणणार? बाबल्या मात्र मागं रेंगाळला. त्यानं बोचक्यातून बाटली काढली, हुंगली आणि राखणदाराच्या डोक्यावर सगळी रिकामी केली. मी बोचक्यात पडल्या पडल्या ऐकलं, गटगटगट! पण ओरडणार कसा?

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत. मंडळी मध्यावर पोचली आणि आभाळ फाटलं. आडवा पाऊस, वर बोचरा वारा. एका कपारीत शिरेपर्यंत सगळे ओलेचिंब झाले. मथुरेला हिव भरलं. आधी दात वाजू लागले, मग वाजायचेही थांबले. ओठ निळे पडले. पोर तिच्या हातातून सुटायला लागलं तेव्हा भिकाजीनं ते झेललं.

"आये, हिच्या पोटात ऊन काय तरी जायला हवं," असं म्हणत भिकाजीनं मेणकापडातली काडेपेटी आणि मला बाहेर काढलं. मग बाटली काढली. उलटी केली. हलवली.

"बाबल्या! बाटली रिकामी कशी?"

बाबल्या खाली बघत म्हणाला, "दादा, राखणदाराला दिली."

"सगळी?"

"तान्हं पोर बरोबर हाय, म्हटलं हात कशाला आखडा? विलायती हाय, खूश होईल."

"खूश? तो आता उताणा पडला असंल!"

एरवी सगळे खोखो हसले असते. त्या वेळी कुणाला हसू आलं नाही. गवत भिजलेलं, काटकी नाही, आणि मथुरेची मान एका बाजूला कलत चाललेली.

गोदूबाईनं सुनेचा हात हातात घेतला. सोडला. मग कमरेला बांधलेला डबा सोडून मुलापुढं धरला.

"घे."

"आये, हा देवीचा हाय." भिकाजीनं डबा मागं सारला. "नवस मोडला नि पोराला काय झालं तर? आधीची दोन गेली, आये."

दोन नातवंडांना पोचवून आलेली बाई ती. तिसऱ्यासाठी बोललेला शब्द तिच्या हातात होता, आणि समोर सून विझत होती.

"नवस मी बोललेय. मोडला तर माझा मोडंल," ती म्हणाली. "आईवाचून पोर कुणाच्या आधारावर जगवतोस? लाव काडी."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा कापूर खाल्ला. माझी निळी ज्योत गेली आणि उंच पिवळा जाळ उठला. काजळीनं माझी भोकं बुजत होती, श्वास कोंडत होता, पण मी म्हटलं, आज विझायचं नाही. एक वडी संपायच्या आत गोदूबाई दुसरी सरकवायची. तिची बोटं पोळली, पण तिनं हात मागं घेतला नाही. टोपात पाणी, गूळ, आल्याचा तुकडा. वाफ आली. चमच्या चमच्यानं ते मथुरेच्या ओठांत गेलं. पहिला चमचा ओघळून गेला. दुसरा थोडा आत गेला. टोप अर्धा झाला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "पोर खयं?"

"हा काय, बापसाच्या खांद्यावर मुततोय," गोदूबाई म्हणाली आणि पदरात तोंड घालून हमसून रडली.

कोपऱ्यात बाबल्याही रडत होता. म्हातारीनं त्याला दटावलं, "गप रे मेल्या. पोराच्या मायेनंच ओतलीस ना?" मग टोपातलं उरलेलं पाणी तिनं स्वतः तोंडाला लावलं. भिकाजी बघतच राहिला.

"आये, याच्यावरचं?"

"आज दारू कुठं प्यालाय तो? आज सोवळ्यात हाय."

पाऊस थांबल्यावर भिकाजी आणि बाबल्यानं मथुरेला आलटून पालटून पाठीवर घेऊन देवळात आणलं. गुरव रावजी ताट घेऊन उभा होता. गोदूबाईनं रिकामा डबा देवीपुढं ठेवला.

"आई, तुझा कापूर मी सुनेसाठी जाळला. राग असंल तर माझ्यावर काढ. ह्या दोघांना हात लावू नको."

रावजीनं घडलेलं सगळं ऐकून घेतलं आणि मला उंबऱ्यावर मागवून घेतलं. माझ्या अंगावरची कापराची काजळी बोटावर घेतली, देवीच्या पायाला लावली आणि त्याच बोटानं पोराच्या कपाळावर तीट लावली.

"काकी, आरती पोचली," तो म्हणाला. "ही बघा तिची काजळी."

ते पोर वाढलं, शाळेत गेलं. घरात रॉकेलचा मोठा स्टोव आला, आणि मी फळीवर गेलो. पण मला कुणी टाकलं नाही, हो! खंडेनवमीला मथुरा मला चिंचेनं घासते, सुईनं भोकं मोकळी करते आणि कोयता-विळीच्या शेजारी बसवून हळदकुंकू लावते. साहेबाच्या दाढीचा स्टोव मी, मला एवढा मान! माझी तक्रार कशाची असणार?

तेव्हा मित्रांनो, लहान वस्तू म्हणून कुणाला फेकू नका. घासा, पुसा, कोरडं ठेवा, वेळेला ती उभी राहते. पण तिला जळण मात्र माणसानंच द्यायचं असतं. वाटेत कुणी कुडकुडताना दिसलं, तर देवासाठी राखून ठेवलेलं असलं तरी काढून द्या. देवी थांबते. हिव थांबत नाही.