एका श्वासाला चार कान

"काय हे लटांबर! देवाने दिलेले दोन कान कमी पडले, म्हणून आता चार घेऊन फिरायचं. ट्रेमध्ये थर्मामीटर ठेवायला जागा नाही आणि याचं शेपूट बघावं तिकडे अडकतंय."

ही कुरकुर वॉर्डातल्या सिस्टरांची. मी त्यांच्या ट्रेमध्ये पडलो होतो आणि त्यांचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. शिवाय ऐकणं हा माझा धंदाच.

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, पण साधासुधा नव्हे. साध्याला छातीवर ठेवायची एक चकती आणि कानांत घालायची एक जोडी असते. मला चकती एकच, पण तिची नळी पुढे दुभंगते आणि शेवटी कानांच्या दोन जोड्या लागतात. एक जोडी शिकवणाऱ्याला, एक शिकणाऱ्याला. मला बाळाच्या छातीवर ठेवलं की दोघांना एकाच वेळी, एकच श्वास ऐकू येतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी माझ्या नळ्या जोडल्या, चकतीवर टिचकी मारली, आधी एका जोडीतून ऐकलं, मग दुसरीतून, आणि शेजारणीला म्हणाल्या, "जुळं आहे गं. दोघांना सारखं वाढायचं." ते मी जन्मभर पाळलं. एकाला जास्त, एकाला कमी, असला पंक्तिप्रपंच माझ्या हातून कधी झाला नाही.

तिथून मी मुलांच्या या दवाखान्यात आलो. तेव्हा सर हे सर झाले नव्हते. काळ्याभोर केसांचे, भलतेच घाबरट असे शिकाऊ डॉक्टर होते. माझ्या एका जोडीत त्यांचे गुरू आणि दुसऱ्या जोडीत हे. एका मुलीच्या हृदयातली गडबड त्यांनी माझ्यातून पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते असे उडाले, की गुरूंच्या कानांतली जोडी निसटून खाली पडली. पुढे हेच शिकवू लागले. मुलं मला 'आठपाय्या' म्हणायची. सर माझ्याकडे बोट दाखवून नव्या डॉक्टरांना सांगायचे, "पुस्तक एकट्याने वाचता येतं. छाती वाचायला दोघं लागतात." काय मिरवलो म्हणून सांगू!

मग दिवस फिरले. बाहेरची रांग लांबत गेली, आतली माणसं तेवढीच राहिली. दोघांनी मिळून एक छाती ऐकायला फुरसत कुणाला? मी खणात गेलो. तिथे माझ्या सोबतीला वाळलेली पेनं, ताणून सैल झालेली रबरं आणि कुण्या बाळाचा एकाच पायाचा मोजा. मोज्याशी माझं बरं जमायचं. त्यालाही जोडीदाराची ओढ होती.

एक दिवस खणाबाहेर बोलणं सुरू झालं.

"सर, एक प्रश्न आहे."

"पेशंटचा की तुझा?"

"माझा."

"मग दार लाव."

विचारणारी होती वॉर्डातली सगळ्यांत धाकटी डॉक्टर. तिला सगळे 'धाकटी'च म्हणत. ती भराभरा सांगू लागली. सर्दीने छाती भरलेली तान्ही मुलं येतात. सगळी सारखीच दिसतात. एक संध्याकाळी पाय झाडत हसतं आणि दुसरं रात्रीत श्वासासाठी झगडायला लागतं. कोण कुठलं, हे आधी कसं ओळखायचं?

"मला वाटतं, सर, जे बिघडणार असतं त्याच्या श्वासाच्या अगदी शेवटी एक शीळ असते. इतकी बारीक, की पलीकडच्या खोलीत कुणी ओठ मिटतामिटता फुंकावं."

"वाटतं की माहीत आहे?"

"वाटतं."

"वाटण्यावर पोरं घरी धाडता येत नाहीत. तपासून बघ."

"कधी बघू? सकाळपासून रांग. जेवते ती उभ्याने."

"तेच तर!" सरांनी टेबलावर थाप मारली. मी खणात उडालो. "प्रश्न पडणं हा काही आजार नाही, पण त्याला सुट्टी लागते."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मोजासुद्धा ताठ झाला असेल. एक संस्था मुलांच्या डॉक्टरांना संशोधक करण्यासाठी अनुदान देते. डॉक्टरने अर्धा आठवडा रांग बघायची, अर्धा आठवडा आपला प्रश्न. त्या अर्ध्या आठवड्याचा पगार संस्था देते आणि रांगेसाठी बदली डॉक्टरही. अट एकच, शिकवायला एक मुरलेला मार्गदर्शक पाहिजे. "तो मी होईन," सर म्हणाले आणि त्यांनी खण उघडला. उजेड! मित्रांनो, उजेड!

निवडीच्या मुलाखतीला मीही धाकटीच्या पिशवीतून गेलो. समितीच्या प्रमुख बाई स्वतः मुलांच्या डॉक्टर, पुढे संशोधक झालेल्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा अंदाज चुकला तर?"

"चुकला असं सांगेन."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. "आम्हाला बरोबर उत्तरं नकोत हो," त्या म्हणाल्या. "ती आपोआप येतात. आम्हाला स्वतःच्या कानांवर भिस्त ठेवणारी माणसं हवीत."

अनुदान मिळालं! सिस्टरांनी कुरकुर विसरून मला स्वतः पुसलं. धाकटीने तर कॉरिडॉरमध्ये उडीच मारली आणि लगेच इकडेतिकडे पाहून चालू लागली, जणू उडी दुसऱ्याच कुणी मारली होती.

काम असं चालायचं. बाळ आलं की मला आधी तळहातात घासून ऊब द्यायची. मग चकती छातीवर, एक जोडी सरांच्या कानांत, एक धाकटीच्या. ऐकून झालं की सर आधी बोलणार, 'शीळ आहे' किंवा 'नाही', मग धाकटी. दोघांचं टिपायचं, पण दोघांत फरक पडला तर हिशोबात मोठ्यांचं धरायचं. हा नियम सरांचा. त्यांच्या गुरूंचाही हाच होता आणि गुरूंच्या गुरूंचाही.

पहिल्याच बाळाला फरक पडला.

"नाही," सर म्हणाले.

"मला... आहे असं वाटलं."

"नव्या कानांना सगळीकडे शिट्ट्या ऐकू येतात," सर प्रेमाने म्हणाले. नियमाप्रमाणे 'नाही' धरलं गेलं.

मी तर दोन्ही जोड्यांना सारखंच वाढलं होतं. शीळ होती! चांगली होती! पण स्टेथोस्कोपला विचारतो कोण?

धाकटी त्या बाळाला घरी सोडेना. "माझी जरा शंका आहे," म्हणून तिने वॉर्डात ठेवून घेतलं. बाळाचा श्वास बिघडला तेव्हा सगळे जवळच होते, म्हणून ते सुखरूप राहिलं. असं वरचेवर घडू लागलं. शेवटी सिस्टर म्हणायच्या, "धाकटीला शंका आली का? मग खाट तयार ठेवा आणि ऑक्सिजन बघून घ्या."

सिस्टरांना कळलं होतं. वॉर्डात सगळ्यांनाच कळलं होतं. सर बाळाच्या काखेत थर्मामीटर लावायचे, तो पीं पीं करून दमून गप्प व्हायचा आणि सर आपले वाट बघत उभे. मग कुणीतरी सहज गेल्यासारखं जाऊन म्हणायचं, "झालं वाटतं, सर." हृदयाचे ठोके त्यांना अजून लख्ख ऐकू यायचे, ते जाड असतात. बारीक आवाज मात्र वयाबरोबर त्यांच्या कानांतून निघून गेले होते, न सांगता, मागच्या दाराने.

पण बोलणार कोण? त्या वॉर्डातल्या निम्म्या डॉक्टरांना ऐकायला सरांनीच शिकवलेलं.

वर्ष सरलं, हिशोब मांडला आणि धाकटीचा अंदाज साफ पडला. शीळ आणि बिघाड यांचा काही संबंधच दिसेना. दिसणार कसा? जिथे शीळ होती तिथे 'नाही' धरलेलं! समितीचा निरोप आला. बाई स्वतः पाहायला येणार, पटलं नाही तर अनुदान बंद. म्हणजे धाकटी पुन्हा पूर्ण आठवडा रांगेत आणि तिचा प्रश्न माझ्यासारखा खणात.

सरांना चैन पडेना. त्यांनी मला उलटासुलटा केला. "हाच म्हातारा झालाय. नळ्या चिरल्या असतील."

सगळ्यांना हायसं वाटलं. हो, हो, नळ्याच असतील! दुरुस्तीवाला आला, त्याने माझ्यात फुंकून पाहिलं. "नळ्या ठणठणीत आहेत."

"तरी बदल," सर म्हणाले.

बदलल्या. चांगल्या नळ्या कचऱ्यात गेल्या. मित्रांनो, एक विनंती करतो. आम्हा वस्तूंना जपा, उन्हात टाकू नका, काम झालं की पुसून ठेवा. आणि मोडलंय दुसरंच काही, पण ते बोलवत नाही, म्हणून धडधाकट वस्तूवर खापर फोडू नका. आम्हाला सोसतं, पण मोडलेलं तसंच राहतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी धाकटीचा बहिणीशी फोन झाला. मी एप्रनच्या खिशात होतो.

"सांगून टाक ना गं सरळ," पलीकडून ताई म्हणाली.

"ताई, तुझ्या सासूबाई हल्ली चहात साखरेऐवजी मीठ घालतात. सांगितलंस का तू त्यांना?"

"ते वेगळं."

"पितेस की नाही तो चहा?"

"पिते. पण त्या चहावर कुणाची बाळं अवलंबून नाहीत, शहाणे."

धाकटी म्हणाली, "सर आहेत म्हणून अनुदान मिळालं, ताई. तेच मार्गदर्शक म्हणून चालत नाहीत असं झालं, तर उद्याच्या उद्या सगळं बंद. आणि बंद झालं तर झालं, पण सरांचं काय उरेल? कान म्हणजेच सर गं."

"आणि गप्प बसलीस तर?"

"तरी बंदच."

"मग निदान बोलून बंद पाड," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या बाई आल्या. तपासणीच्या खोलीत एक बाप तान्ह्या मुलीला छातीशी धरून बसला होता. "रडत नाहीये हो ही," तो म्हणाला. "रडली असती तर मी एवढा घाबरलो नसतो."

बाईंनी सरांना विचारलं, "फरक पडला तर मोठ्यांचं धरायचं, हे कुणी ठरवलं?"

"मी." सरांचा आवाज ताठ होता. "उभं आयुष्य गेलंय या कानांचं मुलांच्या छातीत."

"दाखवा ऐकून."

धाकटीने मला तळहातात घासलं. तिचेच हात गार होते. चकती मुलीच्या छातीवर टेकली आणि मी जीव एकवटला. श्वास आत गेला, बाहेर आला, सरत सरत आला, आणि अगदी शेवटी, सुईच्या टोकाएवढी, शीळ! मी ती उचलली आणि दोन्हीकडे वाढली, तंतोतंत सारखी. इकडे धाकटीच्या पापण्या हलल्या. तिकडे काही हललं नाही.

"नाही," सर म्हणाले.

सिस्टर फरशीकडे पाहू लागल्या. बाप सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "काय नाही? काय नाहीये हिला?"

धाकटीची बोलायची पाळी होती. तिने मुलीच्या छातीवरून चकती उचलली. सरांच्या कानांत अजून मी होतो, तिच्याही कानांत मीच. तिने चकती आपल्या ओठांशी नेली आणि माझ्यात बोलली, अगदी हळू.

"सर, शीळ आहे. पहिल्या बाळापासून आहे. तुमच्यापर्यंत ती पोचत नाही. ठोके पोचतात, ही नाही."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही, नुसते तिचे ओठ हलताना दिसले. पण मित्रांनो, मी थरारलो! इतक्या छात्या वाहिल्या, पण असं काही माझ्या नळ्यांतून कधीच गेलं नव्हतं. मी ते सरांना पोचवलं. एक अक्षर सांडलं नाही.

सरांनी तिच्या हातातून चकती घेतली, ओठांशी धरली.

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून, सर."

"घेतलंच आहे." चकतीत एक बारीकसं हसू आलं, जाड आवाजातलं, ठोक्यांच्या जातीचं. "बाळाला आधी आत घे, गाढवे. खाट सांग."

"खाट तयार आहे, सर," सिस्टर म्हणाल्या. आत्तापर्यंत त्यांना ओठ वाचता येऊ लागले असावेत.

सरांनी मला आपल्या आणि तिच्या कानांतून काढलं, दोन्ही जोड्या नीट गुंडाळल्या आणि मला आख्खाच्या आख्खा धाकटीच्या गळ्यात घातलं. मग ते समितीच्या बाईंकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, सगळा हिशोब पहिल्यापासून पुन्हा मांडा. हिने सांगितलेलं धरा. मला ऐकू येत नाही."