तळव्यातली चांदी

ठासणीच्या टोकाला कालचा कण अडकला होता. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान तोंड, त्यावर कोरलेली बारीक चौकडी, त्या चौकडीच्या एका खाचेत चांदीचा कण — लीलाबाईंनी सुई तिथं नेली आणि सुई बाजूला सरकली. पुन्हा नेली... पुन्हा सरकली. डॉक्टर या हत्याराला प्लगर म्हणत. दाढेच्या खड्ड्यात चांदी ठासायची, म्हणून लग्नाच्या नव्या नवलाईत लीलाबाईंनी त्याचं नाव ठासणी ठेवलं होतं, आणि डॉक्टर हसले होते. तेव्हा ते हसत. आता त्यांनी नुसतं खाकरून म्हटलं, "राहू दे. प्रमिला करेल."

प्रमिला दाराशी उभी होती. मुलगा मुंबईला शिकायला, आणि नवी सून इथं लोणावळ्यात, सासूसासऱ्यांपाशी. दोन्ही पाटल्या तिनं आधीच काढून फळीवर ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं होतं तिला? आम्ही नाही.

वय झालं, एवढंच डॉक्टर म्हणतात. चाळिशी उलटली की सगळ्यांचेच हात कापतात का? कार्ल्याच्या खाचरांत साठीच्या बायका वाकून भात लावतात, त्यांचे नाही कापत. आणि सकाळी उठल्याबरोबर जिभेवर ही पैसा चोखल्यासारखी चव, चूळ भरली की रक्त, खालचा एक दात तर हलतोच आहे... दातांच्या डॉक्टरची बायको. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सांगायचं तरी कुणाला? त्या खुर्चीत बसून त्यांच्यापुढं आ करायचा? त्यापेक्षा एका बाजूनं चावलेलं बरं.

तुझा तळवा गरम आहे, चांदी लवकर मऊ येते — लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात ते म्हणाले होते. चांदीचा कीस आणि पारा खलात घोटायचा, मग तो गोळा तळव्यावर घेऊन अंगठ्यानं मळायचा, मळत राहायचं, करकर वाजेपर्यंत. मग मऊ कातड्यातून पिळून जास्तीचा पारा काढायचा. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याविषयी एवढं एकच गोड वाक्य बोलावं आणि मी त्याच्यावर सगळा संसार करावा! त्याच वर्षी पाटलीला पारा लागून ती एका बाजूनं पांढरी पडली. सौभाग्याला डाग लागला म्हणून सासूबाई रडल्या. डॉक्टरांनी समजावलं, पारा सोन्याला धरतो, सोनं काढून ठेवत जा. सोन्याची काळजी त्यांनी पहिल्याच वर्षी घेतली. हाताविषयी कुणी काही बोललं नाही.

आणि त्यांनी स्वतः तो गोळा कधी तळव्यावर घेतलेला लीलाबाईंना आठवेना. ते चिमट्यानं उचलत, आणि वर साबणानं हात धूत. माहीत होतं त्यांना? की कणकेसारखं हेही मळायचं काम, म्हणजे बायकांचं, इतकंच त्यांच्या मनात होतं? यातलं काय जास्त वाईट, हे लीलाबाईंना ठरवता येत नव्हतं.

कुरवंडे गावची मुक्ताबाई खुर्चीत बसली. पदराचं टोक गालावर दाबलेलं.

"काडू नका दादा. आदीच दोन गेल्यात. भाकर कशानं चावू?"

"काढत नाही. चांदी भरतो. तोंड उघडा."

डॉक्टरांचा पाय यंत्राच्या पायटीवर पडू लागला, दाढेत घरघर सुरू झाली. लीलाबाई कापूस पुढं करत होत्या. घरघर थांबली तशी मुक्ताबाई थुंकली आणि तिनं त्यांच्या हाताकडं टक लावून पाहिलं.

"बाई, हात का वं कापतोय तुमचा? लय थंडी वाजती का?"

वर्षभर घरात जे कुणाच्या तोंडी आलं नव्हतं ते कुरवंड्याच्या बाईनं बोलून टाकलं, आणि डॉक्टर खलाकडं बघत राहिले. मग, मान वर न करता —

"प्रमिलाचा तळवा बघ गं. गरम आहे का?"

सासऱ्यानं सुनेचा हात कसा धरायचा? म्हणून हेही माझ्याकडंच. प्रमिलानं हात पुढं केला. अंगठीसुद्धा काढलेली. लीलाबाईंनी तळवा आपल्या तळव्यात घेतला — गरम होता. नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा गरम, मऊ, कुठंही न थरथरणारा. पोर डोळ्यांत आशा घेऊन बघत होती. दिवसभर स्वयंपाकघरात काय करायचं तिनं तरी? पारा वाईट आहे म्हणावं, तर म्हणतील, सासूला जागा सोडवत नाही. गप्प राहावं, तर हा हात... इकडे आड, तिकडे विहीर.

"थंड आहे," लीलाबाई म्हणाल्या.

प्रमिलानं हात काढून घेतला. आपला हात कसा आहे हे तिला ठाऊक नव्हतं का? ती फळीवरच्या पाटल्या उचलून एकेक करून घालू लागली, सासूकडं न बघता.

"मग आज तूच कर," डॉक्टर म्हणाले.

खलातला गोळा तळव्यावर आला. मूठ मिटली की कापरं दिसत नाही. अंगठा फिरू लागला. तिला वाचवलं मी, लीलाबाई मनाशी म्हणाल्या, तिला वाचवलं... आणि तेवढ्यात मुठीतून ती ओळखीची करकर ऐकू आली, डॉक्टरांनी चिमटा पुढं केला, आणि लीलाबाईंना आनंद झाला. अगदी पहिल्या पावसाळ्यातला आनंद. तो लपवायला त्यांनी मान खाली घातली. दाराकडं, प्रमिलाकडं बघायचा धीर त्यांना होईना.